निवृत्तीला दोन वर्षे उरली असतील तर आधी सेवापुस्तकाचा पहिला खंड शोधा

मागच्या महिन्यात एक शिपाईमामा आमच्या कर्मचारी संघटनेच्या खोलीवर आले. निवृत्त होऊन सात महिने झालेले. हातात कापडी पिशवी, पिशवीत निरोप समारंभात मिळालेली शाल अजून घडी न मोडलेली, आणि शालीत गुंडाळून ठेवलेले एक पत्र. पत्र कार्यालयात येऊन पाच महिने झाले होते. मामांच्या हातात ते परवा पडले. मजकूर एका ओळीचा: सेवापुस्तकाचा खंड एक जोडलेला नाही. मामा म्हणाले, "म्या तर सगळ्या कागदांवर सह्या केल्या होत्या की हो."

सह्या सगळेच करतात. सेवापुस्तक, म्हणजे नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंतच्या नोकरीच्या नोंदींची वही, कोणी वाचत नाही. तालुका शाखेचे काम करताना पेन्शनच्या जेवढ्या अडलेल्या केसेस पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांचे मूळ सेवापुस्तकाच्या एखाद्या पानात सापडले, आणि ते पान संबंधितांनी पंचवीस-तीस वर्षांत एकदाही पाहिलेले नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कोणाला लागू

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेले, म्हणजे १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांखालचे, जुन्या पेन्शनचे राज्य शासकीय कर्मचारी. शिवाय ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेआधी निघाली पण नेमणूक नंतर झाली आणि ज्यांनी २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे जुन्या पेन्शनचा विकल्प दिला, ते. अशा मंडळींनी नुसत्या विकल्पाच्या पोचपावतीवर निर्धास्त राहू नये. विकल्प मान्य केल्याचा आदेश सेवापुस्तकात नोंदला आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. किमान दहा वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा हवी. वीस वर्षे भरली की नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन बसते.

आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली राज्य शासकीय कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणे नागपूरच्या महालेखाकार कार्यालयाकडे जातात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची तिकडे जात नाहीत, ती जिल्हा परिषदेतच मंजूर होतात. अडायच्या जागा मात्र दोन्हीकडे त्याच.

१ जूनवाल्यांनी आधी हे वाचा

ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्ती, हे सगळ्यांना पाठ असते. वय गट-ड साठी ६०, बाकीच्यांसाठी ५८. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस होते, हे कित्येकांना शेवटच्या वर्षी कळते. आणि मराठवाड्यात १ जून ही जन्मतारीख कमी आणि गुरुजींची सोय जास्त. पोरगं शाळेत आणून बसवले, बापाला तिथी आठवेना, गुरुजींनी १ जून टाकून मोकळे केले. तेव्हा १ जून १९६९ ची नोंद असणारे, गट-ड सोडून, ३१ मे २०२७ ला घरी जाणार, ३० जूनला नाही. जूनचा पगार धरून लेकीच्या लग्नाचा नाहीतर कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडला असेल तर आजच दुरुस्त करा.

यात आणखी एक गंमत आहे. ज्यांची वेतनवाढ १ जुलैची आहे आणि जे ३० जूनला निवृत्त होतात, त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निकालानंतर ती वेतनवाढ काल्पनिकरीत्या, म्हणजे फक्त हिशेबापुरती, धरून पेन्शन मिळू लागली. ३१ मे वाल्यांचे वर्ष भरत नाही, म्हणून त्यांना नाही. गुरुजींनी १ जुलै लिहिले असते तर! पण आता जन्मतारीख बदलायच्या नादाला लागू नका. १९८१ च्या सेवेच्या सर्वसाधारण शर्तींच्या नियमांप्रमाणे तो अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. नोकरीच्या तिसाव्या वर्षी शाळेचा जुना निर्गम उतारा घेऊन येणारे दरवर्षी दोन-तीन जण भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवावे लागते.

सहा महिन्यांचा गैरसमज

"निवृत्तीच्या आधी सहा महिने अर्ज करायचा ना?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर खोलीच्या दारावर लावावे म्हणतो. सहा महिने आधी प्रकरण महालेखाकारांकडे पोचलेले असावे, असे नियम सांगतो. तयारीला कार्यालयाने सुरुवात करायची ती दोन वर्षे आधी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी फाईल उघडते ती निरोपाच्या पेढ्यांची ऑर्डर देतात त्या आठवड्यात. आस्थापनेचा एकच लिपिक, त्याच्याकडे चार टेबले, आणि त्यातले एक कायम निवडणुकीचे. त्याला एकट्याला बोल लावून काय उपयोग? म्हणून दोन वर्षे आधी आपणच एक साधा लेखी अर्ज द्यावा: माझी निवृत्ती अमुक तारखेला आहे, सेवापुस्तक पाहायला मिळावे, उणिवा कळवाव्यात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही.

पहिला खंड

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधी कळमनुरी, वसमत, हिंगोली भागात लागलेल्या कित्येकांचे सेवापुस्तक परभणीत सुरू झाले आणि पुढे तीन-चार बदल्यांत खंड दोन माणसाबरोबर फिरला, खंड एक मागे राहिला. कुठे राहिला याचे उत्तर कोणाजवळ नसते. वर सांगितलेल्या मामांचा सापडला तो त्यांच्या दुसऱ्या नेमणुकीच्या कार्यालयात, जुन्या मतपेट्यांच्या मागे, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात. पहिल्या पानावरचा फोटो वाळवीने नेला होता, अंगठ्याचे ठसे शाबूत होते. त्या ठशांवर केस निघाली.

शोधताना ज्या-ज्या कार्यालयात काम केले त्या क्रमाने स्वतः जावे, बदली आदेशाची झेरॉक्स आणि आपल्या कार्यालयाचे मागणीपत्र बरोबर न्यावे. नुसते फोन करून काही हाती लागत नाही. खरोखरच हरवला असेल तर तो पुन्हा तयार करता येतो: नेमणूक आदेश, रुजू अहवाल, वेतनवाढीचे दाखले, आणि त्या काळची वेतन देयके. देयके जुनी असली की नष्ट केल्याचे सांगतात. तोंडी उत्तर घेऊ नका; नष्ट केल्याचे पत्र मागा, तेही कामी येते.

खंड हाती आला की एक-एक पान उलटायचे. दरवर्षीच्या सेवा पडताळणीखाली सही आणि शिक्का आहे का? मधली असाधारण (बिनपगारी) रजा मंजूर झाल्याचा आदेश नोंदला आहे का? वैद्यकीय कारणाशिवायची असाधारण रजा अर्हताकारी सेवेतून वजा होऊ शकते, म्हणून कारणही लिहिलेले हवे. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपातले १४ ते २० मार्च हे सात दिवस कसे नियमित केले, तीही ओळ बघा. ज्या संपात पेन्शनसाठी बसलो त्याचीच नोंद नसल्याने पेन्शन अडायची, ही थट्टा कोणाच्या वाट्याला नको.

वेतन पडताळणी आणि वसुली

सगळ्यात जास्त माणसे रडकुंडीला येतात ती इथे. १ जानेवारी १९९६, २००६ आणि २०१६ या तिन्ही वेतन आयोगांची निश्चिती वेतन पडताळणी पथकाने तपासून शिक्का मारलेला असावा लागतो. पथकाकडे सेवापुस्तक शेवटच्या चार महिन्यांत गेले तर आक्षेप हमखास निघतो आणि तो दूर करायला वेळ उरत नाही. बहुतेक आक्षेप दोन ठिकाणी येतात. एक, बारा वर्षांच्या सेवेनंतरच्या कालबद्ध पदोन्नतीची (पद तेच, वेतनश्रेणी वरची) तारीख चुकलेली. दोन, एमएस-सीआयटी नाहीतर तत्सम संगणक परीक्षा मुदतीत उत्तीर्ण नाही, म्हणून २००८ पासूनच्या वेतनवाढी जादा दिल्या गेल्या. प्रमाणपत्र घरच्या ट्रंकेत असते, सेवापुस्तकात नोंद नसते! आजच नोंद करून घ्या. मराठी-हिंदी भाषा परीक्षा किंवा त्यातून मिळालेल्या सुटीचेही तसेच.

आता वसुलीबद्दल. निवृत्तीच्या तोंडावर दोन-तीन लाखांची वसुली दाखवून उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापायची, असे सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात १८ डिसेंबर २०१४ ला सांगितले की गट-क आणि गट-ड कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच वसुलीचा आदेश निघण्यापूर्वी पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची, वसुली करू नये. चूक कार्यालयाची आणि कर्मचाऱ्याने काही लपवलेले नाही, अशा प्रकरणांना हा आधार आहे. पण हा निकाल म्हणजे जादूची कांडी नव्हे. वेतन आयोग लागू होताना आपण सगळ्यांनी जादा रक्कम परत करीन असे वचनपत्र न वाचता सही करून दिलेले असते, आणि २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने एका न्यायिक अधिकाऱ्याला त्याच्या वचनपत्राने बांधून ठेवले. म्हणून वसुलीची नोटीस आली की घाबरून "मान्य" असे लिहून देऊ नका. मुदतीत लेखी हरकत द्या, आपला गट कोणता ते त्यात लिहा. दाद मागायची वेळ आली तर राज्य कर्मचाऱ्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला मॅटचे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे) खंडपीठ आहे. जिल्हा परिषदवाल्यांना उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जावे लागते. आणि हो, वसुली रोखली गेली तरी पेन्शन दुरुस्त वेतनावरच बसते. हे आधी सांगितले नाही तर नंतर लोक आमच्याशी भांडतात.

बायकोचे नाव

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर बायकोचे नवे नाव लिहायची पद्धत. नवरा नोकरीला लागल्यावर त्याने सेवापुस्तकात ते नवे नाव लिहिले. आधार काढताना बाईंनी शाळेतले माहेरचे नाव दिले. बँकेत तिसरेच, कारण तिथल्या साहेबाने "बाई" जोडून टाकले. नवरा असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन मागायला ती बाई कोषागारात उभी राहते आणि कागदोपत्री ती कोणीच नसते. अशा एका वहिनींबरोबर मी दिवसभर बाकावर बसलो आहे. त्या फक्त एवढेच विचारत होत्या की मग आता मी कोण.

म्हणून आत्ताच सेवापुस्तक, आधार, पॅन आणि बँक खाते चारही समोर ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. वेलांटीचा फरक असेल तर आधारवर दुरुस्ती होते. अख्खे नावच वेगळे असेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, राजपत्रात नावबदल छापून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. घरात दिव्यांग अपत्य असेल तर त्याचे नाव कुटुंबाच्या तपशिलात घालून जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र आपल्या हयातीतच जोडा. मुलाची पात्रता २१ व्या वर्षी संपते, दिव्यांग अपत्याला मात्र कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते. लाजेखातर हे नाव न घालणारे बाप मी पाहिले आहेत.

बाकीचे कागद

विहित नमुने, नामनिर्देशन, पती-पत्नीचा एकत्र फोटो, नमुना सह्या, ओळखखुणा, बँक पासबुक, विभागीय चौकशी नसल्याचे आणि शासकीय येणे नसल्याचे प्रमाणपत्र. शासकीय निवासस्थानात राहत असाल तर ते सोडल्याचा दाखला. पतसंस्थेचे कर्ज हे शासकीय येणे नव्हे. त्यासाठी कोणी प्रकरण रोखून धरले तर लेखी कारण मागा.

अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याची एकरकमी रक्कम घेणे, ४० टक्क्यांपर्यंत करता येते, पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. वैद्यकीय तपासणीशिवाय हवे असेल तर अर्ज निवृत्तीच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत, पेन्शनचा आदेश हातात पडल्यापासून नव्हे. उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख झाली आहे. आधी ती १४ लाख होती.

एवढे करूनही उशीर झाला तर तात्पुरते निवृत्तिवेतन मागा. सहा महिन्यांपर्यंतचे ते कार्यालयप्रमुखच मंजूर करू शकतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. दिरंगाई प्रशासनाची असेल तर उपदानावर तीन महिन्यांनंतर आणि निवृत्तिवेतनावर सहा महिन्यांनंतर व्याजही मागता येते.

शाखेतर्फे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सेवापुस्तके वाचायला बसतो. मूळ पुस्तक कार्यालयाबाहेर आणू नका. दुय्यम प्रत आणा किंवा सगळ्या पानांची झेरॉक्स. मागून मिळत नसेल तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा. पानाला दोन रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. चष्मा विसरू नका, जुन्या लिपिकांचे अक्षर बारीक आहे.