एक पोर्ट, दोन मॉनिटर आणि तुर्भ्याचा फाटा

ऐरोलीत आमच्या शेजारच्या वहिनी घरून हिशेबाची कामं करतात. जीएसटी रिटर्न, टॅली, बँकेची स्टेटमेंट. एका स्क्रीनवर बिल आणि दुसऱ्यावर एंट्री असली की आकडे चुकत नाहीत, म्हणून त्यांनी दोन मॉनिटर आणले. लॅपटॉप नवीन, अंगानं बारीक. त्याला पोर्ट एकच, तो चपटा टाइप-सी. मग एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी छोटी डबी, म्हणजे दोन एचडीएमआय असलेला हब आणला, सगळं जोडलं, आणि दोन्ही मॉनिटरवर ‘नो सिग्नल’.

"भावोजी, हब खराब निघाला बघा."

हब चांगला होता. त्याची केबल आखूड पडली म्हणून वहिनींनी मोबाइलच्या चार्जरची लांब केबल लावली होती. दोन्ही टोकं हुबेहूब तशीच, बसतेही घट्ट. पण चार्जरबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबलींमध्ये विजेच्या तारा आणि सेकंदाला ४८० मेगाबिटवाली जुनी यूएसबीची जोडी एवढंच असतं. चित्र ज्या तारांतून जातं त्या आत घातलेल्याच नसतात. हबचा दिवा लागतो, माउस चालतो, आणि चित्राला मात्र रस्ताच नसतो. हबची मूळ केबल लावली आणि दोन्ही मॉनिटर उजळले. महाप्याच्या ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर जोडून देण्याच्या कामात ‘खराब’ म्हणून परत निघालेले असे कितीतरी हब मी केबल बदलून चालू केले आहेत, म्हणून हे पहिल्यांदा सांगतो.

लॅपटॉप बंद करून, टॉर्च आणि भिंग घेऊन कधीतरी त्या पोर्टात बघा. मधोमध जिभेसारखी एक पातळ पट्टी दिसेल. तिच्या वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १२ अशा २४ सोनेरी रेघा. चार रेघा विजेच्या, चार अर्थिंगच्या, चार जुन्या यूएसबीच्या. दोन रेघा बोलणी करायच्या: पिन सुलटी घातली की उलटी, वीज किती हवी, चित्र पाठवायचं का, हे सगळं त्यांवर ठरतं. आणखी दोनांवरून मॉनिटर आपली ओळख सांगतो, म्हणजे मी किती पिक्सेलांचा, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो वगैरे. उरलेल्या आठ रेघा म्हणजे चार जोड्या. या खऱ्या वेगवान लेन. २०१४ साली टाइप-सीचं मानक आलं तेव्हाच या लेन चित्रासाठी उसन्या देण्याची सोयही ठरली. तिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात; डिस्प्लेपोर्ट म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवायची एक ठरलेली पद्धत. ही सोय प्रत्येक टाइप-सी पोर्टात नसते. लॅपटॉप घेताना पोर्टाच्या बाजूला ‘डी’च्या आकाराची डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची (टाइप-सीच्याच आकाराचा, जास्त वेगवान पोर्ट) विजेच्या बाणाची खूण आहे का ते बघावं, किंवा माहितीपत्रकात हे शब्द शोधावेत.

आता एकाच पोर्टातून दोन वेगळी चित्रं कशी जातात? लोकांना वाटतं, आत दोन वेगळ्या तारा असतील, एक या मॉनिटरची, एक त्या. तसं नसतं. चार लेन मिळून एकाच मार्गासारखं काम करतात आणि दोन्ही चित्रं त्याच मार्गानं येतात. आपल्या ट्रान्स-हार्बर लाइनवर हे रोज दिसतं. ठाण्याहून सुटलेली वाशी लोकल आणि पनवेल लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत एकाच रुळावरून येतात, एकीमागे एक. तुर्भ्यानंतर वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगरकडे. रूळ एकच, वेळा वाटून घेतलेल्या.

२०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये आलेली मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, म्हणजे एमएसटी, हेच करते. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप वेळेचे ६४ बारीक तुकडे पाडते. पहिला तुकडा सूचनांचा, उरलेले ६३ मॉनिटरांमध्ये वाटायचे. ज्याचं चित्र मोठं त्याला जास्त तुकडे. ६४ संपले की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला लाखो वेळा. हबमधली छोटी चिप ही तुर्भ्याची केबिन. कुठले तुकडे कुठल्या मॉनिटरचे हे वाटप तिला आधीच कळवलेलं असतं, त्याप्रमाणे ती त्यांना वळवते. ज्या हबमध्ये ही चिप नाही, त्यातून दोन मॉनिटरवर एकच चित्र दिसतं.

एका साध्या फुल एचडी मॉनिटरला किती लागतं ते मोजू. आडवे १९२०, उभे १०८० पिक्सेल, म्हणजे २०,७३,६००. प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार येतो २,९८,५९,८४,०००. जवळजवळ ३०० कोटी बिट, म्हणजे तीन गिगाबिट, दर सेकंदाला, समोर नुसतं रिकामं एक्सेल उघडं असलं तरी! त्यावर थोडं आणखी, कारण प्रत्येक ओळीच्या आणि चित्राच्या शेवटी जरा मोकळी वेळ सोडलेली असते. जुन्या खोक्याच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत जायला जो वेळ घ्यायचा, त्याचा तो वारसा. झोत गेला, सवय अजून टिकून आहे. मोकळ्या वेळेसकट हिशेब सव्वातीन ते साडेतीन गिगाबिटांवर जातो.

वहिनींचा हब दोन लेन चित्राला देत होता आणि दोन यूएसबीला. एका लेनचा वेग ५.४ गिगाबिट, पण दर ८ बिटांच्या माहितीसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागतात, म्हणून हाती ४.३२ लागतात. दोन लेनचे ८.६४. दोन फुल एचडी मॉनिटरना जास्तीत जास्त सात. आरामात बसलं.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलानं कॉलेजच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी ४के मॉनिटर आणला आणि दोनांपैकी एकाच्या जागी लावला. पिक्सेल चौपट, त्यामुळे गरजही चौपट: सेकंदाला ६० चित्रांसाठी साडेबारा ते सव्वाचौदा गिगाबिट. ८.६४ मध्ये ते मावणार कसं? एकटा लावला की तो ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर चाले आणि माउसचा बाण अडखळत सरके. दुसरा मॉनिटर जोडला की एक काळा पडे. मुलानं ड्रायव्हर तीनदा टाकून बघितले. बिचाऱ्याची रात्र गेली. ३० हर्ट्झवरच्या ४के चित्राचे सहा-सात आणि फुल एचडीचे साडेतीनपर्यंत, ही बेरीज आधी केली असती तर ती वाचली असती. मला तळमळ आहे ती याचीच. पाचवीतला गुणाकार येणाऱ्या कुणालाही दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येतं, पण खोक्यावर ‘४के सपोर्ट’ एवढंच मोठ्या अक्षरात असतं आणि ‘३० हर्ट्झ’ मागच्या बाजूला बारीक छापलेलं.

लॅपटॉपचा पोर्ट खरं तर ८.१ गिगाबिटच्या लेनवाला होता. हब जुन्या वेगाचा, म्हणून दोघंही खालच्या वेगावर उतरले होते. लॅपटॉपच्याच वेगाचा, चारही लेन चित्राला देणारा डॉक, म्हणजे मोठा हब, मिळाला आणि हाती २५.९२ गिगाबिट आले. ४के ६० हर्ट्झवर, शेजारी फुल एचडी, आणि वर जागा शिल्लक.

मॅकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. मॅकओएस एमएसटीतून दोन वेगळी चित्रं काढत नाही, त्यामुळे हाच हब तिथे लावला तर दोन्ही बाहेरच्या मॉनिटरवर एकच चित्र येईल. तिथे थंडरबोल्ट डॉक घ्यावा, आणि आपल्या मॉडेलला बाहेरचे किती मॉनिटर चालतात तेही आधी बघावं. विंडोज लॅपटॉपवर थंडरबोल्ट ४ लिहिलेलं असेल तर दोन ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर चालायलाच हवेत, तशी अटच आहे. डिस्प्लेलिंक नावाचा आणखी एक मार्ग आहे. त्यात सॉफ्टवेअर चित्र दाबून साध्या यूएसबीतून पाठवतं. हिशेबाच्या कामाला चालतं, व्हिडिओ एडिटिंगला मी सुचवणार नाही.

चारही लेन चित्राकडे गेल्यावर यूएसबीला उरली ती जुनी ४८० मेगाबिटची जोडी. डॉकला लावलेल्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यायला आता बराच वेळ लागतो. वहिनी तो रात्री जेवणाची पानं घेताना सुरू करतात आणि ओटा पुसून झाला की काढतात.