मारुती–सुझुकी भागीदारीतील कार्यसंस्कृती

भारत सरकारच्या मारुती उद्योग लिमिटेडमध्ये जपानच्या सुझुकी मोटर कंपनीने १९८२ मध्ये २६ टक्के भागभांडवल घेतले. दोन वेगळ्या वळणाच्या संस्था एकत्र काम करू लागल्या की त्यांच्या सवयी कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे भारतात या भागीदारीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले.

गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली. त्या काळच्या सरकारी कारखान्यांत साहेबांची केबिन वेगळी, जेवणाची सोयही वेगळी. सुझुकीने नेमका इथेच हात घातला. व्यवस्थापकीय संचालकापासून यंत्रावरच्या कामगारापर्यंत सर्वांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन आणि केबिनऐवजी खुले कार्यालय. पाळीपूर्वी व्यायाम आणि वेळेची शिस्त आली. कामगारांच्या तुकड्या प्रशिक्षणासाठी जपानला जाऊ लागल्या. भारतीय बाजूचे व्ही. कृष्णमूर्ती ‘भेल’ (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीतून आलेले, तर आर. सी. भार्गव प्रशासकीय सेवेतले. सरकारी कामकाजात मुरलेल्या या माणसांनी नवी पद्धत मनापासून उचलून धरली, हे तिच्या यशाचे मोठे कारण मानावे लागेल. करारातल्या कलमांनी एवढे साधले नसते.

हीच पद्धत पुढे पुरवठादारांपर्यंत गेली. जय भारत मारुती, भारत सीट्स अशा सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत मारुतीने स्वतः भागीदारी केली. निव्वळ खरेदीदार न राहता तिने त्यांच्या कारखान्यातील दर्जा आणि कामाची रीत यांतही लक्ष घातले.

संचालक मंडळात मात्र असा मेळ बसला नाही. १९९२ मध्ये सुझुकीचा हिस्सा ५० टक्क्यांवर गेला; सरकारचा हिस्साही जवळपास तेवढाच उरला. १९९७ मध्ये सरकारने आर. एस. एस. एल. एन. भास्करुडू यांना व्यवस्थापकीय संचालक नेमले, तेव्हा सुझुकीने उघड विरोध केला. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत पोहोचले आणि १९९८ मध्ये तडजोड झाली. २००२ मध्ये सुझुकीने बहुमताचा हिस्सा मिळवला.

समतेच्या या संस्कृतीची खरी कसोटी मारुतीच्या गुडगावजवळील मानेसरच्या कारखान्यात लागली. तिथे गणवेश आणि कॅन्टीन एक असले, तरी कायम आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनात मोठी तफावत होती. २०११ मध्ये नव्या कामगार संघटनेच्या मान्यतेवरून संप झाले. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार होऊन मनुष्यबळ विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पाचशेहून अधिक कायम कामगारांना बडतर्फ करण्यात आले.