लॅपटॉपसाठीचे अ‍ॅडॉप्टर व डॉकिंग हब

मोजकेच पोर्ट असलेल्या लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, बाह्य हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, तारेचे नेटवर्क अशी साधने जोडण्यासाठी मध्ये लावायची उपकरणे. एका प्रकारच्या पोर्टाचे दुसऱ्या प्रकारच्या एकाच पोर्टात रूपांतर करणाऱ्या छोट्या उपकरणाला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. एका पोर्टातून अनेक पोर्ट काढून देणारा आणि बहुधा लॅपटॉपच्याच विजेवर चालणारा तो हब, तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला आणि टेबलावर कायम मांडून ठेवायचा तो डॉक किंवा डॉकिंग स्टेशन. विक्रेते हा भेद काटेकोरपणे पाळत नाहीत आणि हबलाही सर्रास डॉक म्हणतात. म्हणून नाव न पाहता उपकरणाला वीज कुठून मिळते ते पाहावे.

डॉकची कल्पना यूएसबीपेक्षाही जुनी आहे. अ‍ॅपलने १९९२ मध्ये आणलेला पॉवरबुक ड्युओ हा लॅपटॉप डॉकच्या पोटात सरकवला की त्याचा टेबलावरचा संगणक होत असे. पुढे कार्यालयीन वापराच्या अनेक लॅपटॉपांना तळाशी खास जोडणी असे आणि एका कंपनीचा डॉक दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला बसत नसे. २०१४ मध्ये यूएसबी-सी जोडणीचे विनिर्देश प्रसिद्ध झाले. २४ पिनांची आणि कोणत्याही बाजूने बसणारी ही जोडणी वीज, माहिती आणि चित्र एकाच तारेतून नेऊ शकते. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकला हेडफोनची जोडणी वगळता असा एकच पोर्ट होता. २०१६ च्या मॅकबुक प्रोवरही याच आकाराचे पोर्ट ठेवले गेले, मात्र २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय पोर्ट आणि मेमरी कार्डाची खाच परत आली. तरीही पातळ लॅपटॉपांवर पोर्ट मोजकेच राहिले आणि अ‍ॅडॉप्टरची गरज टिकून राहिली.

निवड करताना बहुतेक ग्राहक हबवर किती पोर्ट आहेत ते मोजतात. खरे तर आधी लॅपटॉपचा पोर्ट तपासायला हवा, कारण जे त्यातून बाहेरच येत नाही ते कोणताही हब पुढे देऊ शकत नाही. यूएसबी-सी हे केवळ आकाराचे नाव आहे. त्याच आकाराचा एखादा पोर्ट फक्त ४८० मेगाबिट प्रति सेकंद या यूएसबी २ च्या वेगाने चालतो, दुसरा ५, १० किंवा २० गिगाबिटांचा असतो, तर यूएसबी४ आणि थंडरबोल्ट (याच आकारातून चालणारी अधिक वेगवान जोडणीची पद्धत) यांचे पोर्ट ४० गिगाबिट व त्याहून पुढे जाऊ शकतात. एखाद्या पोर्टातून चित्र बाहेर पडते, शेजारच्या हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पोर्टातून पडत नाही. एकातून लॅपटॉप चार्ज होतो, दुसऱ्यातून होत नाही. पोर्टाजवळ कोरलेल्या खुणांवरून थोडा अंदाज येतो, पण सगळेच उत्पादक त्या कोरत नाहीत. त्यामुळे नेमक्या मॉडेलच्या तांत्रिक माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टापुढे काय लिहिले आहे ते वाचणे हाच भरवशाचा मार्ग होय.

मॉनिटरच्या बाबतीत सर्वाधिक निराशा पदरी येते ती मार्गिकांच्या हिशोबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. यूएसबी-सी जोडणीत वेगवान माहितीच्या चार मार्गिका असतात. चित्र पाठवण्यासाठी त्या डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या मानकाच्या संकेतांना दिल्या जातात, आणि हबवर चित्र व जलद यूएसबी ही दोन्ही हवी असतील तर बहुधा दोन मार्गिका चित्राला व दोन माहितीला अशी वाटणी होते. ४के मॉनिटर (आडव्या ओळीत सुमारे चार हजार ठिपके असलेला) ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, चालवायला सेकंदाला सुमारे साडेबारा गिगाबिट लागतात. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन मार्गिकांतून प्रत्यक्षात ८.६४ गिगाबिटच जातात, म्हणून असा हब ४के चित्र ३० हर्ट्झवरच दाखवतो आणि पडद्यावर माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने त्याच दोन मार्गिका १२.९६ गिगाबिट नेतात आणि ६० हर्ट्झ जेमतेम साधते. मात्र त्यासाठी लॅपटॉप आणि हब या दोघांनाही तो वेग यावा लागतो. काही हब चारही मार्गिका चित्राला देऊन हा प्रश्न सोडवतात. तसे केल्यावर उरलेले यूएसबी पोर्ट ४८० मेगाबिटांवर येतात, आणि त्याच हबवरचे गिगाबिट नेटवर्कही निम्म्याहून कमी वेगाने चालते. वेष्टनावर नुसते ‘४के’ लिहिलेले असेल आणि हर्ट्झ लिहिलेले नसतील, तर ते ३० समजूनच चालावे.

एकाहून अधिक मॉनिटर जोडायचे असल्यास लॅपटॉपची कार्यप्रणालीही निर्णायक ठरते. एकाच डिस्प्लेपोर्ट प्रवाहातून अनेक मॉनिटरांना चित्र वाटून देणारी एमएसटी ही पद्धत विंडोजवर चालते. मॅकओएसवर ती पडदा विस्तारण्यासाठी चालत नाही, त्यामुळे दोन एचडीएमआय पोर्ट असलेल्या साध्या हबवर मॅकला दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र मिळते. शिवाय अ‍ॅपलच्या मूळ एम१ व एम२ चिपांचे लॅपटॉप एकाच बाह्य मॉनिटरला आधार देतात. एम३ च्या मॅकबुक एअरला झाकण मिटल्यावर दोन चालतात आणि एम४ च्या मॅकबुक एअरला झाकण उघडे असतानाही. या मर्यादेतून वाट काढण्यासाठी डिस्प्लेलिंक नावाचे तंत्र वापरतात. त्यात एक सॉफ्टवेअर बसवावे लागते. ते चित्र दाबून यूएसबीच्या माहितीच्या रूपात पाठवते आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. कागदपत्रे, तक्ते आणि ईमेल यांसाठी ही सोय समाधानकारक आहे. परंतु तिचा भार लॅपटॉपच्या प्रोसेसरवर पडतो, वेगवान खेळांत ती मागे पडते आणि नक्कलरोधक संरक्षण असलेले चित्रपट तिच्यावर बहुधा दिसत नाहीत.

विजेचा हिशोब तुलनेने सोपा आहे, तरी तो कोणी करत नाही. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या मानकानुसार पूर्वी जास्तीत जास्त १०० वॅट देता येत. २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली. हबमधून चार्जर जोडला की हब त्यातले साधारण १० ते १५ वॅट स्वतःसाठी व जोडलेल्या साधनांसाठी राखून ठेवतो, म्हणजे ६५ वॅटच्या चार्जरमधले लॅपटॉपला ५० च्या आसपासच पोहोचतात, आणि जड काम सुरू असताना चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपचीही बॅटरी हळूहळू उतरू शकते. चार्जर न लावलेल्या हबची अडचण उलटी असते: लॅपटॉपचा पोर्ट देईल तेवढ्याच विजेत सर्वांना भागवावे लागते. फिरत्या तबकड्यांच्या दोन हार्ड डिस्क एकदम लावल्या की त्यांतली एखादी सुरूच होत नाही किंवा मध्येच तुटते. चार्जर काढताना किंवा लावताना पुष्कळसे हब क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. त्याच क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइल खराब होण्याचा धोका असतो. म्हणून डिस्क सुरक्षितपणे काढून घेतल्याशिवाय हबच्या चार्जरला हात लावू नये.

केबलही हबइतकीच महत्त्वाची आहे. चार्जरसोबत येणाऱ्या अनेक यूएसबी-सी केबल वीज भरपूर नेतात, पण माहिती मात्र ४८० मेगाबिटांनीच. त्यांतून चित्र अजिबात जात नाही. ६० वॅटच्या वर जायचे असेल तर आपली क्षमता सांगणारी चिप केबलमध्ये असावी लागते.

थंडरबोल्टचे डॉक महाग असतात आणि ज्याला एकच मॉनिटर व एक पेन ड्राइव्ह जोडायचा आहे त्याला त्यांची गरज नाही. दोन ४के मॉनिटर, वेगवान डिस्क आणि चार्जिंग हे सारे एका तारेवर हवे असेल तर मात्र त्यांना तोड नाही. थंडरबोल्ट ३ हे २०१५ मध्ये यूएसबी-सीच्या आकारात आले. २०२० च्या थंडरबोल्ट ४ ने वेग ४० गिगाबिटांवरच ठेवला, पण दोन ४के मॉनिटरांचा आधार बंधनकारक केला. यूएसबी४ मध्ये अशी किमान हमी कमी असते, त्याचा एखादा पोर्ट २० गिगाबिटांचाही असू शकतो. थंडरबोल्ट ३ च्या सुरुवातीच्या काळातले डॉक साध्या यूएसबी-सी पोर्टावर चालतच नाहीत, त्यामुळे वापरलेला डॉक घेताना हे आवर्जून विचारावे.

एकट्या अ‍ॅडॉप्टरांत दिशा पाहावी लागते. यूएसबी-सीकडून एचडीएमआयकडे जाणारा अ‍ॅडॉप्टर आतल्या चिपच्या साहाय्याने संकेत बदलतो आणि तो उलटा चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय व मॉनिटरला यूएसबी-सी असेल तर वेगळाच अ‍ॅडॉप्टर लागतो. हेडफोनच्या काही अ‍ॅडॉप्टरांत आवाज बनवणारी चिप नसते, ते उपकरणाच्या स्वतःच्या ध्वनियंत्रणेवर विसंबतात आणि त्यामुळे अनेक लॅपटॉपांवर मुके राहतात. वायरलेस माऊसचा इवलासा रिसीव्हर हबवरच्या जलद यूएसबी पोर्टाला चिकटून लावला तर माऊस अडखळू शकतो, कारण यूएसबी ३ च्या संकेतांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. रिसीव्हर छोट्या जोडतारेने लांब नेला की अडचण बहुधा दूर होते. हबची तार त्याच्या अंगातच घट्ट बसवलेली असेल तर ती बहुधा मुळाशी वाकून तुटते आणि सारा हब टाकून द्यावा लागतो. सुटी केबल लावता येणाऱ्या हबमध्ये नुसती केबल बदलून भागते.