दारूचे विड्रॉल

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली, की पहिल्या चार-पाच दिवसांत होणारा शारीरिक-मानसिक त्रास. दारू मेंदूला सुस्तावते. रोजच्या सुस्तीवर मात करण्यासाठी मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दारू थांबते, पण चेतवणे लगेच थांबत नाही.

शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात कापू लागतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडतो. घाम, मळमळ, धडधड, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ होतो. दिवस-वार कळत नाही, ताप चढतो, माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो.

‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरने दिले. मात्र हा त्रास दारू थांबल्यामुळे होतो की कुपोषणामुळे, हा वाद पुढे शंभरावर वर्षे चालला. १९५५ मध्ये संशोधक डॉक्टर हॅरिस इस्बेल यांनी अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे पोटभर खाणाऱ्या स्वयंसेवकांना काही आठवडे दारू देऊन ती थांबवली. बराच काळ प्यायलेल्यांना फिट आणि भास झाले. कुपोषणाचे कारण मागे पडले. त्रास दारू थांबल्याने होतो, ही गोष्ट व्यवहारात आधीच ठाऊक होती. १० जून १९३५ हा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्परमदत संघटनेचा स्थापना दिन मानतात. त्या सकाळी शस्त्रक्रियेआधी हात स्थिर राहावेत म्हणून सहसंस्थापक डॉ. बॉब यांना दुसरे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी बिअर दिली होती. तीच डॉ. बॉब यांची शेवटची दारू.

महाराष्ट्रात माळ घालून किंवा देवापुढे शपथ घेऊन दारू सोडण्याची रीत आहे. निश्चय खराच असतो. अडचण तिसऱ्या रात्री येते. भास सुरू झाले की घरचे ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून देवऋषी गाठतात आणि औषधाची वेळ निघून जाते. पूर्वी फिट किंवा भास झालेल्याने घरच्या घरी दारू तोडू नये. प्रत्येक नव्या खेपेला विड्रॉल अधिक तीव्र होण्याचा धोका असतो.

इस्पितळात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही मेंदू शांत करणारी औषधे देऊन त्यांची मात्रा साधारण आठवडाभरात उतरवत नेतात. यकृत बिघडलेले असेल तर त्याच गटातले लोराझेपाम बरे. शिरेतून ग्लुकोज चढवण्याआधी थायमिनचे (बी-१) इंजेक्शन हवे. ‘अशक्तपणा आहे, बाटली लावा’ या घाईत नेमके तेच राहते. साखर जिरवताना उरलेसुरले थायमिन संपते. डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

विड्रॉल उतरले म्हणजे व्यसन सुटले नव्हे. पिण्याची ओढ पुढे कित्येक महिने राहते. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत म्हणूनच मुक्काम आठवड्यावर न थांबता महिनाभर किंवा अधिक चालतो. दारूपासून दूर ठेवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी चालू असताना दारू प्यायल्यास चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती भाजीत लपवून देण्याचा उद्योग अनेक घरांत चालतो. तो जीवघेणा ठरू शकतो, कारण खाणाऱ्याला काहीच माहीत नसते आणि गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत टिकतो.