कालवांचे रोग

कालवांचे रोग : शेतीत वाढवलेल्या कालवांना, तसेच तिसऱ्या, शिनाणे, मोत्यांचे शिंपले अशा द्विपुटी मृदुकाय प्राण्यांना विषाणू, जीवाणू व आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म प्राणी) यांच्यामुळे होणारे रोग. या विषयातील मूलभूत काम मुख्यत्वे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कालवावर (क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका) झाले असल्याने येथे त्याच्या ‘डर्मो’ व ‘एमएसएक्स’ या दोन रोगांचा विचार विस्ताराने केला आहे. हे रोग माणसाला होत नाहीत. कच्ची कालवे खाल्ल्याने माणसाला होणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जीवाणूचा संसर्ग हा निराळा विषय होय. तो जीवाणू कालवात राहतो, पण कालवाला सहसा मारीत नाही.

रोग बळावेपर्यंत रोगट कालव बाहेरून ओळखता येत नाही. निरोगी कालव पाण्याबाहेर काढल्यावर शिंपा घट्ट मिटून कित्येक दिवस जिवंत राहते. रोग बळावलेल्या कालवाचा स्नायू ढिला पडतो आणि टिचकी मारली तरी शिंपा मिटत नाहीत. फोडल्यावर मांस पाणचट व रोडावलेले दिसते, पाचकग्रंथी फिकट पडलेली असते. मेल्यावर मांस कुजते किंवा खेकडे खातात आणि बिजागरीला जोडलेल्या दोन रिकाम्या शिंपा तेवढ्या उरतात. अमेरिकन कालवकरी त्यांना ‘बॉक्स’ म्हणतात. वर काढलेल्या शंभर कालवांत बॉक्स किती, यावरून मरतुकीचा पहिला अंदाज बांधला जातो.

कालवाच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे कोंबड्यांना किंवा माशांना टोचतात तशी लस येथे उपयोगाची नाही. बाहेरून आलेले सूक्ष्मजीव गिळून पचवण्याचे काम रक्तपेशी करतात. डर्मोचा परजीवी गिळला जातो, पण पचत नाही. तो त्याच पेशीत वाढतो, आणि पेशी शरीरभर फिरत असल्याने रोगही सर्वत्र पोहोचतो.

डर्मो : १९४० नंतरच्या दशकात लुइझिअ‍ॅना राज्यात कालवे मोठ्या प्रमाणात मरू लागली. किनाऱ्यालगत खनिज तेलाच्या विहिरी खोदल्या जात होत्या, तेव्हा कालवकऱ्यांनी दोष तेल कंपन्यांना दिला व प्रकरण न्यायालयात गेले. कंपन्यांच्याच पैशाने टेक्सास ए अँड एम संस्थेकडून झालेल्या संशोधनात तेलाऐवजी एक परजीवी सापडला. पैसा कोणाचा होता हे पाहता निष्कर्षाबद्दल शंका येणे स्वाभाविक होते. पुढील संशोधनाने मात्र परजीवीच खरा ठरवला. मॅकिन, ओवेन व कॉलियर यांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन डर्मोसिस्टिडियम मरिनम या नावाने, बुरशी समजून केले. रोगाचे ‘डर्मो’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. नंतर तो लॅबिरिंथोमिक्सा या प्रजातीत गेला आणि १९७८ मध्ये लेव्हिन यांनी फ्रँक पर्किन्स यांच्या सन्मानार्थ त्याला पर्किन्सस मरिनस हे नाव दिले. त्या वेळी तो मलेरियाच्या परजीवीच्या गटात ठेवला गेला होता. आता त्याचे जवळचे नाते डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांशी मानतात. नाव दोनदा बदलले तरी बोलण्यात ‘डर्मो’ टिकून आहे.

निदानासाठी सॅमी रे यांनी १९५२ मध्ये सुचवलेली पद्धत अजून वापरात आहे. गुदांत्र, क्लोम (कल्ले) किंवा प्रावार (शिंपेच्या आतील मांसल आवरण) यांचा बारीक तुकडा थायोग्लायकोलेट द्रवाच्या नळीत, प्रतिजैविके घालून, अंधारात पाच ते सात दिवस ठेवतात. परजीवीच्या पेशी त्यात फुगतात. मग तुकडा काचेवर चिरून आयोडिनाचा थेंब टाकला की त्या निळ्या-काळ्या होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोहरीचे दाणे विखुरल्यासारख्या दिसतात.

डर्मो कालवाकडून कालवाकडे सरळ पसरतो. कोमट, खाऱ्या पाण्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस, त्याचा जोर असतो. हा परजीवी अमेरिकेतला जुनाच रहिवासी असावा. मग १९८५ नंतर पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात तो एकाएकी इतका घातक का झाला, हा प्रश्न उरतो. अवर्षणामुळे वाढलेली क्षारता हे नेहमीचे उत्तर. परंतु १९६० पासून जपून ठेवलेल्या ऊतकांच्या काचपट्ट्या पुन्हा तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की त्याच सुमारास परजीवीच्या पेशी लहान झाल्या व त्यांचे ठाणे आतड्याच्या अस्तराकडे सरकले. हवामानाला पूरक कारण मानून परजीवीतील बदलाला प्राधान्य देणे अधिक युक्त वाटते.

एमएसएक्स : १९५७ मध्ये डेलावेअर उपसागरात व १९५९ मध्ये चेसापीकच्या मुखाजवळ उद्भवला. डेलावेअरच्या लागवडीच्या क्षेत्रातील ९० ते ९५ टक्के कालवे दोन वर्षांत गेली. अनेक केंद्रके असलेल्या गोलाकार पेशी दिसत, पण त्या कशाच्या हे कळत नव्हते. ‘बहुकेंद्रकी गोल, अज्ञात’ अशा अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे एमएसएक्स हे नाव बनले. १९६६ मध्ये हॅस्किन, स्टॉबर व मॅकिन यांनी वर्णन केलेला हा परजीवी आज हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी या नावाने ओळखला जातो.

त्याच्या मूळस्थानाचा वाद दीर्घकाळ चालला. एक पक्ष तो स्थानिकच असून परिस्थिती बदलल्याने उफाळला असे म्हणे. दुसरा पक्ष पॅसिफिक कालवाकडे (क्रॅसोस्ट्रिया गिगास) बोट दाखवी. आशियातील या कालवात तसाच परजीवी क्वचित दिसे, पण दिसण्यातल्या सारखेपणावरून ओळख पटवणे धोक्याचे होते. २००० मध्ये बर्रेसन, स्टोक्स व फ्रीडमन यांनी दोन्हींच्या डीएनएची तुलना करून ते एकच असल्याचे दाखवले, आणि आशियाई मूळ आता बहुमान्य आहे. जुन्या यजमानात (परजीवी ज्याच्या शरीरात राहतो त्या प्राण्यात) तो निरुपद्रवी आहे, नव्या यजमानात संहारक. तो आला कसा, हे मात्र त्यातून ठरत नाही. १९३० नंतर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पॅसिफिक कालवांच्या लागवडीचे लहान प्रयोग झाले होते. परंतु प्रयोग व साथ यांत दोन दशकांहून अधिक अंतर आहे. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर आशियातून आलेल्या जहाजांच्या तळाला चिकटलेली कालवे किंवा टाक्यांतील पाणी हा मार्ग काहींना पटतो. कालक्रम पाहता तो कमी अडचणीचा आहे, एवढेच म्हणता येईल.

डर्मोप्रमाणे हा रोग प्रयोगशाळेत एका कालवातून दुसऱ्यात नेता आलेला नाही. मध्ये आणखी एखादा यजमान असावा असा तर्क आहे. तो अद्याप सापडलेला नाही. क्षारता हजारी १० भागांच्या खाली दोनेक आठवडे राहिली तर परजीवी नाहीसा होतो. २००२ मध्ये हा रोग कॅनडातील नोव्हा स्कोशियात आणि २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावर आढळला. याच बेटावर १९१५ मध्ये माल्पेक उपसागरातील कालवे अशीच मेली होती. त्या रोगाचे कारण निश्चित झाले नाही, मात्र वाचलेल्या कालवांची प्रजा पुढे त्याला दाद देईनाशी झाली.

इतर रोग : फ्रान्समध्ये चपट्या युरोपीय कालवावर प्रथम मार्टेलिया रेफ्रिन्जेन्स (१९६८) व नंतर बोनामिया ऑस्ट्रिए (१९७९) यांची साथ आली, दुसरा परजीवी कॅलिफोर्नियातील बीजाबरोबर (लागवडीसाठीच्या कालवांच्या पिलांबरोबर) आला असावा. पोर्तुगीज कालवही विषाणूने नष्ट झाल्यावर तेथे जपानहून पॅसिफिक कालव आणले गेले, आणि २००८ पासून त्याच्या पिलांना नागीणवर्गीय विषाणूच्या नव्या प्रकाराने ग्रासले. तोच प्रकार २०१० मध्ये न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात आणि २०१६ मध्ये टास्मानियात दिसला. बीजकेंद्रांतील डिंभांना (अळ्यांना) व्हिब्रिओ जीवाणूंचा उपद्रव होतो.

उपाय : उघड्या पाण्यात औषध देता येत नाही. रोगाचा हंगाम येण्यापूर्वी काढणी, कमी खाऱ्या पाण्यात स्थलांतर, बीजाच्या वाहतुकीवर बंदी आणि तग धरलेल्या कालवांपासून पैदास हे मार्ग उरतात. शेवटच्या मार्गावर हॅस्किन यांनी रटगर्स विद्यापीठात साठच्या दशकातच काम सुरू केले. वंध्य, त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) कालवे लवकर वाढतात. रोग बळावण्याआधीच ती बाजारात जातात.

भारत : तुतिकोरिनजवळच्या मोत्यांच्या शिंपल्यांत पर्किन्सस ओलसेनी (२०१०) व क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस या खाद्य कालवात पर्किन्सस बायहायेन्सिस (२०१२) यांची नोंद झाली आहे. यांपैकी पहिला जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आहे. कोकणात कालवे प्रामुख्याने खडकांवरून फोडून काढली जातात, आणि पावसाळ्यात खाड्यांचे पाणी बरेच गोडे होते, जे अशा परजीवींना मानवत नाही. बीज बाहेरून आणून दोऱ्यांवर किंवा पिशव्यांत दाटीने वाढवू लागल्यास ही स्थिती बदलते.