आठ नंबरची ट्यूब आणि खवखवणारा घसा

ऑपरेशन पोटाचं, दुखतो मात्र घसा. पित्ताशयाचे खडे काढून वॉर्डात आलेला पेशंट पाण्याचा पहिला घोट गिळताना तोंड वाकडं करतो आणि घरचे थिएटरच्या एसीला बोल लावतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: भूल दिल्यावर तोंडावाटे श्वासनळीत सरकवलेली ट्यूब. ती जाते तेव्हा पेशंट गाढ झोपलेला असतो, निघते तेव्हा अर्धवट गुंगीत. त्यामुळे ती सहसा कुणाच्या लक्षातच राहत नाही.

या ट्यूबवर नंबर छापलेला असतो: ६.५, ७, ८. हा आतल्या पोकळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. घशाला त्रास होतो तो मात्र बाहेरच्या जाडीचा. ८ नंबरची ट्यूब बाहेरून ११ मिमीच्या आसपास भरते, ६ नंबरची ८ मिमीहून थोडी जास्त. ट्यूबला मुळातच बाक असतो. त्यामुळे स्वरतंतूंमधून जाताना ती स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला रेलून राहते आणि तिथलं नाजूक अस्तर तासन् तास दाबलं जातं. बायकांचं स्वरयंत्र लहान असतं. ऑपरेशननंतर घशाची तक्रार त्यांच्याकडून जास्त येते, त्यामागचं हे एक कारण.

मग जाड ट्यूब घालायचीच कशाला? इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. नळीतून हवा संथ वाहत असेल, तर तिला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे ८ ऐवजी ६ नंबर घेतला की विरोध तिपटीहून जास्त. पेशंट स्वतःच्या ताकदीने श्वास ओढत असेल, तर हा हिशेब महत्त्वाचा. पण ऑपरेशनमध्ये हवा बहुधा व्हेंटिलेटर ढकलतो. यंत्राच्या काट्यावर दाब वाढलेला दिसतो खरा, पण त्यातला बराचसा ट्यूबमध्येच खर्ची पडतो, फुफ्फुसांपर्यंत पोचत नाही. मला तरी वाटतं, तास-दोन तासांच्या साध्या ऑपरेशनला जाड ट्यूब ही गरजेपेक्षा सवय जास्त आहे.

१९८७ मध्ये अमेरिकेत हे तपासलं गेलं. काही पुरुषांना ९ आणि स्त्रियांना ८.५ नंबरची ट्यूब घातली, तर इतरांना ७ आणि ६.५ ची. जाड ट्यूबवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा घसा दुखला. बारीकवाल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचा. आयसीयूत मात्र गणित बदलतं. तिथे ट्यूब कित्येक दिवस राहते, आत बेडका साचतो, दुर्बीण घालावी लागते. तेव्हा जागा हवीच.

पण सगळा दोष जाडीच्या माथी मारून चालणार नाही. ट्यूबच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूने निसटत नाही आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात उतरत नाही. आर्थर ग्वेडेल या अमेरिकन भूलतज्ज्ञाने १९२० च्या दशकात हे पटवून देण्यासाठी आपल्या कुत्र्याला भूल देऊन, ट्यूब घालून, चक्क पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं होतं. कुत्रा सुखरूप बाहेर आला. त्याचं नाव ‘एअरवे’!

हा फुगा फार फुगला तर श्वासनळीच्या अस्तराचा रक्तपुरवठाच अडतो. फुग्यातला दाब ३० सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबापेक्षा जास्त होऊ नये, असं १९८४ च्या एका अभ्यासात श्वासनळीत दुर्बिणीने पाहून दाखवलं गेलं. आतल्या फुग्याला बारीक नळीने जोडलेला, तोंडाबाहेर राहणारा छोटा फुगा बोटांनी चिमटून दाबाचा अंदाज घेण्याची पद्धत अजून चालते, पण बोटं फसवतात. साधा दाबमापक लावावा. भुलेत नायट्रस ऑक्साइड असेल, तर तो वायू हळूहळू फुग्यात शिरून दाब वाढवतो. आणि ट्यूब फारच बारीक घेतली, तर हवा अडवायला हाच फुगा ताणून फुगवावा लागतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

यावर आपल्या ओळखीचं एक औषधही आहे: ज्येष्ठमध. व्हिएन्नात फुफ्फुसाच्या ऑपरेशनसाठी १३ मिमीपर्यंत जाड, आत दोन पोकळ्या असलेली ट्यूब घालण्याआधी काहींना ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, काहींना साखरेच्या पाण्याच्या. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: ज्येष्ठमधवाल्यांमध्ये घसादुखी जवळपास निम्मी. पण ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहायचं असतं, तेव्हा हा प्रयोग घरच्या घरी, डॉक्टरांना न विचारता करू नये.

खवखव सहसा दोन-तीन दिवसांत जाते. आवाज आठवड्यानंतरही बसलेलाच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. श्वास घेताना आवाज येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. आणि गाणं किंवा शिकवणं हा पोटापाण्याचा व्यवसाय असेल, तर ऑपरेशनच्या आधी भेटायला येणाऱ्या भूलतज्ज्ञाला ते जरूर सांगावं. ट्यूबचा नंबर तेच ठरवतात.