दमवणारी वाट वेगळी, अवघड वाट वेगळी

पुण्यात माउंटन बाइक घेतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘सुरुवातीला सोपी वाट कुठली?’ त्यावर हमखास सल्ला मिळतो, ‘सिंहगड नको, फार चढ आहे. वेताळ टेकडी कर, घराजवळ आहे.’ मग तो टेकडीवरून चतुःशृंगीच्या किंवा पाषाणच्या अंगाला दिसेल त्या पायवाटेने उतरतो आणि कोपर सोलून घरी येतो. चूक सल्ल्याची असते. दमछाक आणि अवघडपणा या दोन गोष्टी आपण सर्रास एकाच मापाने मोजतो, आणि नवे लोक त्यापायी पडतात.

दमछाकीबद्दल फार सांगायला नको. कात्रज, बोपदेव, सिंहगड यांपैकी एखादा घाट तुम्ही केलाच असेल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगडाचा माथा १३०० च्या आसपास; फेस येणारच. पण खाली डांबर आहे. दम लागला की पाय टेकायचा, पाणी प्यायचं, पुढे निघायचं. घाट तुमच्या पायांची आणि छातीची परीक्षा घेतो, आणि दोन महिन्यांच्या नियमित सरावाने ती पास होता येते.

अवघड वाट याहून निराळी. तिथे दम असून भागत नाही, चाकाखाली काय आहे यावर सगळं ठरतं. आपल्याकडच्या टेकड्या काळ्या बेसाल्टच्या. वरचा दगड झिजून त्याचा मुरूम होतो आणि उतारावर टणक कातळावर त्या मुरमाचा बोटभर थर साचतो. ट्रेकर याला घसारा म्हणतात. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं चाक त्याच्यावर सरकतं. माणूस घाबरून पुढचा ब्रेक दाबतो, चाक अडकतं, हँडल वळवलेलं असलं तर पुढची बाजू कडेला निघून जाते. मागचा ब्रेक करकचून धरला तर सायकल घसरत राहते आणि वाटेत चर पडतो, तो पुढच्या पावसात आणखी खोल जातो. खरं काम घसाऱ्याच्या आधी करायचं असतं. सीट खाली घ्यायची, घट्ट जमिनीवर असतानाच वेग कमी करायचा, वजन मागे न्यायचं आणि घसाऱ्यावर ब्रेक हलकेच धरून चाकं फिरती ठेवायची. नजर दगडावर नको, पलीकडच्या मोकळ्या जागेवर हवी.

आता वाटांची माहिती देणाऱ्या अ‍ॅपकडे बघा. दोन किलोमीटरच्या वाटेचा सरासरी उतार ४ टक्के दिसतो. तिच्यात साठ मीटरचा २५ टक्के उताराचा घसारा असेल, तर तो सरासरीत बुडून जातो. अ‍ॅप खोटं बोलत नाही, पण तुम्हाला हवी असलेली गोष्ट ते मोजतच नाही. अमेरिकेतली इम्बा ही माउंटन बाइकवाल्यांची संघटना वाटांना हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा अशा खुणा देते. तिची सूचना स्पष्ट आहे: तांत्रिक अवघडपणा ठरवा, शारीरिक दमछाक नको. वाटेची रुंदी, पृष्ठभाग, सरासरी आणि कमाल उतार, आणि टाळता न येणारे अडथळे, एवढंच बघायचं. हिरव्या वाटेत असा अडथळा फार तर दोन इंचांचा, निळ्यात आठ, काळ्यात पंधरा. आपल्या टेकड्यांवर अशा पाट्या नाहीत, पण दगडाशेजारी पाऊल ठेवून अंदाज घेता येतो. पोटरीच्या निम्म्यापर्यंत येणारा दगड चुकवता येत नसेल, तर ती वाट नवशिक्याची नाही, मग ती एक किलोमीटरचीच का असेना.

‘मळलेली वाट आहे’ या ट्रेकरांच्या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. पायी जाणाऱ्याला दगडी पायऱ्या सोयीच्या, तुम्हाला त्याच घातक. कात्रज ते सिंहगड हा ट्रेक सायकलवर करू बघणारे बराच वेळ सायकल खांद्यावर घेऊन चालतात. मला त्यात मौज दिसत नाही.

महागड्या फुल सस्पेन्शनचा, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के शोषणारी रचना असलेल्या सायकलचा, आग्रहही सुरुवातीला नको. साधी हार्डटेल (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली), दणकट टायर आणि चांगले ब्रेक पुरेत. पावसाळ्यात ओल्या कातळावर शेवाळं धरतं आणि खाली काळ्या मातीत चाकं रुततात. पाऊस सरला, जमीन आवळली की तीच वाट पुष्कळ माणसाळते. मे महिन्यात मुरूम पुन्हा सुटा होतो.

तेव्हा पहिले काही दिवस वेताळ टेकडीच्या माथ्यावरच्या रुंद कच्च्या रस्त्यावरच फिरा. उतरायची वाट आधी पायी बघा, तीही खालून वर चढत. सर्वांत वाईट जागा सापडली की तिच्याखाली थांबायला मोकळी जागा आहे का ते पाहा. खाली वळण, झाड किंवा कडा असेल तर ती वाट सोडून द्या. वनखात्याची मनाई असेल तिथेही सोडा. आणि सकाळी टेकडीवर आजी-आजोबांची वर्दळ असते, त्या वेळी अरुंद उतार कुठलाच नको.